ओल्या वर्षातलं फटाक्यांचं दुकान

सोलापुरात पावसाची वाट न पाहणारा माणूस शोधून सापडायचा नाही. त्या काळी असा एकच होता, आणि तो मी. हस्त नक्षत्र लागलं की सगळं शहर मान वर करून हिंडायचं. न्हाव्याकडे, मठात, पानाच्या गादीवर, जिथं जावं तिथं एकच विषय. कोपऱ्यात जरा काळं दिसलं की लोक एकमेकांना बोट करून दाखवायचे. मी दुकानाच्या फळीवर बसून मनातल्या मनात म्हणायचो, पुढं जा बाबा, पुढं जा. हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. दुष्काळी मुलुखात पाऊस नको म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

माझा धंदा शोभेच्या दारूचा. सात रस्त्यापासून आत वळलं की आमची गल्ली लागायची. पुढं दुकान आणि मागं दोन खोल्यांचं घर. एरवी मी गुलाल, बाशिंगं, कागदाच्या झिरमिळ्या, जत्रेतली खेळणी असं सणासुदीचं काहीबाही विकत असे. त्यात मीठभाकरी सुटायची. वर्षाचं पोट भरायचं ते दिवाळीच्या आठवड्यात. भुईनळे, बाण, चंद्रज्योती, फुलबाज्या, लवंगी माळा असा माल दसऱ्याआधी घरात येऊन पडायचा. दारूत सोरा असतो आणि सोऱ्याला ओल ओढून घ्यायची खोड असते. आभाळ भरून आलं की घरातल्या कोरड्या पुड्यासुद्धा मऊ पडायच्या. बोटाला तो मऊपणा लागला की माझं डोकं फिरायचं आणि मग दिवसभर कुणी माझ्याशी बोलू नये.

पण पाऊस मुळीच न पडून आमचं भागत नव्हतं. हस्ताचा पाऊस झाला की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरली जायची. मग खेड्यातला माणूस बाजाराला यायचा तो सढळ हातानं. पाऊस नाही झाला तर तो बाजाराला यायचाच नाही, आणि आलाच तर मीठ-मिरची घेऊन परत फिरायचा. म्हणून माझी मागणी अशी, की पावसानं हस्तात धो धो पडावं, चित्रेत आवरतं घ्यावं आणि स्वातीला तोंड काळं करावं. इतकी नेमकी मागणी देवानं कुणाची ऐकली असेल असं मला वाटत नाही.

त्यातून ती मंदीची वर्षं. तिसाच्या पुढची. गिरणीचा भोंगा रोज व्हायचा, पण त्याच्यामागनं जाणारी माणसं कमी झाली होती. ज्यांची पाळी चालू होती त्यांनाही उद्याचा भरवसा नव्हता. हातमागवाल्यांची लुगडी घडी न मोडता पडून होती. माणसाला काटकसर करायची झाली तर तो सुरुवात आमच्यापासून करतो, आणि त्याला नावं तरी कशी ठेवावीत? आधी बाण गेले, मग मोठे भुईनळे. मग लोक म्हणायला लागले, अख्खी लवंगीची माळ कशाला, मूठभर सुटी द्या. मला हे बिलकूल खपत नसे. माळ म्हणजे माळ. कापडाच्या दुकानात जाऊन तुम्ही बाही तेवढी मागता काय, असं मी एका गिऱ्हाइकाला विचारलं होतं. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

ही गोष्ट निभावून नेली माझ्या बायकोनं. ती उंबऱ्याच्या आत बसून माळा सोडायची. वातीला धक्का न लावता एकेक लवंगी वेगळी करायची आणि ढीग माझ्याकडे सरकवायची. "अवो, मूठभर तर मूठभर. त्यांच्या बी घरात पोरं हाईत की," असं म्हणायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. हे वाक्य ती सहज बोलायची, पण ते ऐकलं की मी सुट्या लवंगीचा ढीग पुढं ओढायचो. सुट्या लवंगीवर आम्ही दोन दिवाळ्या काढल्या.

तिसऱ्या वर्षी ती नव्हती. त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला मंगळवेढ्याच्या पलीकडे तिच्या माहेरी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना मुलगा नाही. बैल होते, भाड्यानं औत धरायला माणूस मिळत होता. पण पेरताना पाभरीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या त्या लाकडी वाटीत, मूठ धरायची ती घरच्याच माणसानं, असा तिकडं नियम. परक्या हातानं बी पडलं तर रान रुसतं म्हणतात. सासूबाईंना धड उभं राहता येत नव्हतं. म्हणजे उरली ही एकटी. मोटारीत बसताना ती म्हणाली, "पेरणी झाली की निघते बघा. पाडव्याला तर येतेच. तुमाला ववाळायला दुसरं कोण हाय?"

मी हसून मान हलवली. मोटार गेल्यावर लक्षात आलं, की आता आपण कशात सापडलो आहोत. पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही आणि पेरणीशिवाय ती येणार नाही. पाऊस झाला तर माल वाया जाणार. नाही झाला तर बायको नाही.

हस्त कोरडा गेला. एवढा कोरडा, की माझ्या पुड्या हातात कुरकुरायच्या. माल इतका फक्कड मी कधी पाहिला नव्हता, आणि घ्यायला माणूस नव्हता. सांगोल्याकडची माणसं मेंढरं घेऊन खाली भीमेच्या काठाला उतरली, असं कानावर यायचं. सिद्धेश्वराला लोक साकडं घालायला जायचे. मीही गेलो. सगळे हात जोडून पाऊस मागत होते. मी हात जोडले आणि काय मागावं तेच कळेना. पाऊस म्हणावं तर जीभ अडखळे, आणि नको म्हणावं तर ती मोटारीत बसताना कशी दिसली ते डोळ्यांपुढं येई. शेवटी नुसता नमस्कार करून परत आलो. एवढ्या गर्दीत असा एकटेपणा मला आधी कधी जाणवला नव्हता.

घरात तर बोलायलाच नको. शोभेची दारू घरात आली की आमच्याकडे चूल बंद. दिवा नाही, पणती नाही, देवापुढं समईसुद्धा नाही. हा आमच्या वडिलांपासूनचा दंडक. सगळ्या शहरात दिवाळीला उजेड, आणि उजेड विकणाऱ्याच्या घरात अंधार. ती असताना आम्ही दोघं शेजारच्या मागवाल्या बाईंच्या चुलीवर भाकरी करून आणायचो आणि अंधारात हसत खायचो. ती कुणाकुणाच्या नकला करायची. आता मी दुपारीच चुरमुरे खाऊन घ्यायचो आणि दिवस मावळला की उगाच दुकानात बसून राहायचो.

चित्रा संपता संपता आभाळ भरलं. धनत्रयोदशी तोंडावर आली होती. दुपारी एकदम अंधारून आलं, वारा पडला, आणि पहिला थेंब समोरच्या पत्र्यावर वाजला. मला आजही आठवतं, की त्या क्षणी मला आनंद झाला. मालाचा विचार नंतर आला. आधी मनात आलं, आली ती. गल्लीतली माणसं बाहेर येऊन भिजत होती, कुणी कुणाला मिठ्या मारत होतं. मीही फळीवरनं उतरून त्यांच्यात उभा राहिलो. मग मागं वळून बघितलं तर दुकानाच्या कोपऱ्यातनं पाणी गळत होतं.

त्यानंतर पावसानं बस्तानच ठोकलं. मी पुड्या उचलून मागच्या खोलीत नेल्या, तिथं गळायला लागल्यावर परत पुढं आणल्या. लवंगीच्या माळा वाकळेत गुंडाळल्या. फुलबाज्यांची खोकी अंथरुणावर तिच्या बाजूला रचली आणि वर तिची चादर घातली. कोरडी जागा म्हणजे तेवढीच उरली होती. मी त्या खोक्यांच्या शेजारी झोपायचो. हे लिहितानाही मला जरा लाज वाटते, पण झोपण्यापूर्वी मी त्या चादरीवरून हात फिरवायचो. ओल लागतेय का बघत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या मागवाल्या बाई तेलुगू. त्यांनी मला भाऊ मानलेलं. त्या भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन भाकरी द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, आता कशाला तोंड पाडून बसतंय? पाऊस आलं. तुझं बायको बी येतंय बघ आता." त्यांचं मराठी असंच होतं आणि मला ते फार आवडायचं. मी म्हटलं, "पेरणी व्हायला हवी." त्या म्हणाल्या, "पाऊस पडलं की पेरायचं. त्यात काय?" मलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघं गल्लीत जन्मलेले. त्यांना सुताची जात कळायची, मला दारूची कळायची. ज्वारी आम्हाला फक्त भाकरीत माहीत.

नरक चतुर्दशीला पाऊस सकाळी थांबून दुपारी परत आला. गिऱ्हाईक आलं, पण ओल्या वर्षाचं गिऱ्हाईक वेगळं असतं. ओल्या वर्षी आमच्यात वानगी द्यायची रीत. धान्याच्या बाजारात मूठभर दाणे दाखवतात तशी. गिऱ्हाइकानं माल बोटानं दाखवायचा, दुकानदारानं त्याच ढिगातला एक काढून त्याच्यासमोर पेटवायचा. फुटला, फुलला, तर माल घ्यायचा. वानगीचा पैसा लावायचा नाही. गल्लीच्या मध्ये पत्र्याखाली मी पाट मांडला आणि वानगी सुरू केली. एक भुईनळा नुसता धुरकटला. दुसरा गुडघ्याएवढा उडून मेला. तिसरा मात्र असा फुलला की भिंती पिवळ्या झाल्या, आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं एकदम "अरारारा" म्हणाली.

तेव्हा माझं लक्ष गेलं, की केवढी माणसं जमली होती. घेणारा एक आणि बघणारे पन्नास. गिरणीची पाळी सुटलेली माणसं, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. त्यांना माल घ्यायचा नव्हता. त्यांची दिवाळी ती वानगी होती. एकजण पुढं आला, चंद्रज्योतीला बोट लावलं आणि म्हणाला, "ही कशी हाय बघू की मालक." मला ठाऊक होतं, की ह्याच्या कनवटीला काही नाही. त्यालाही ठाऊक होतं, की मला ठाऊक आहे. मी चंद्रज्योत पेटवली. लाल-हिरवा उजेड त्याच्या तोंडावर पडला, तो नीट बघून म्हणाला, "बरी हाय. सकाळी येतो," आणि मागं सरकून परत उभा राहिला.

एरवी मी त्याला हाकललं असतं. त्या संध्याकाळी नाही हाकललं. कुणी बोट दाखवलं की मी पेटवत गेलो. बोट नाही दाखवलं तरी पेटवत गेलो. वानगी संपली की माणसं आपापल्या घरी जाणार, आणि मला फळ्या लावून त्या अंधाऱ्या खोलीत जावं लागणार, ते मला नको होतं. धंद्यात दया दाखवली असं कुणी समजू नये. मला सोबत पाहिजे होती आणि मी ती मालावर घेत होतो. त्या पावसात मी जेवढं विकलं त्याहून अधिक जाळलं असेल.

लक्ष्मीपूजनही तसंच गेलं. पाडव्याला सकाळी उठलो तर खिडकीत ऊन. धुऊन काढलेलं निळं आभाळ. मी आधी माल गच्चीवर टाकला. चादरी अंथरून त्यावर पुड्या, माळा, बाण पसरले. तासाभरात खालनं हाका यायला लागल्या. तीन दिवस घरात कोंडलेलं शहर एकदम बाहेर पडलं होतं. पाऊस झाला म्हणून खेड्यातनं माणसं आली होती, व्यापाऱ्यांना हुरूप आला होता, मंदी तेवढ्या दिवसापुरती कुणाला आठवत नव्हती. माणसं अख्ख्या माळा मागत होती. असा पाडवा मी त्या वर्षांत पाहिला नव्हता.

आणि मी दुकान बंद केलं. मंगळवेढ्याची मोटार दुपारी यायची. पाऊस चार दिवसांमागं झाला, पेरणीला दोन दिवस, एक दिवस निघायला, माझा हिशेब पक्का होता. फळी लावताना एक गृहस्थ हातात पिशवी घेऊन उभे होते. "अहो, आत्ता कुठं बंद करता? आज पाडवा!" मी म्हटलं, "म्हणूनच." मी अंघोळ करून धुवट धोतर नेसलो, रुमाल बांधला. मागवाल्या बाईंनी त्यांच्या घरात औक्षणाचं ताट तयार करून ठेवलं, माझ्या घरात निरांजन लावायचं नव्हतं म्हणून. मी मोटारींच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहिलो.

मोटार उशिरा आली. वाटेत भीमा भरून चालली होती. पलीकडची माणसं नावेनं अलीकडे आणून दुसऱ्या मोटारीत बसवली, असं ड्रायव्हर सांगत होता. माणसं उतरायला लागली. चाकांना, पायांना, गाठोड्यांना काळा चिखल. लुगड्यातली बाई उतरली की मी एक पाऊल पुढं व्हायचो. शेवटी टपावरनं घोंगड्यांचा गठ्ठा खाली आला आणि त्याच्यामागं एक धनगर उतरला. तिच्या गावचा. लग्नात त्यानं माझ्या पाठीवर थाप मारलेली मला आठवत होती. त्यानंही मला ओळखलं.

"रामराम पावणं. तुमच्याकडंच येनार व्हतो. निरोप हाय."

"ती नाही आली?"

"आता कशी यील? वाफसा कुटं हाय अजून?"

वाफसा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. त्याला माझा चेहरा बघून कळलं असावं, कारण तो लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला. काळं रान पाऊस पडल्या पडल्या पेरता येत नाही. पाय घातला तर गुडघ्यापर्यंत आत जातो, बैल रुततात. वरचं पाणी जिरून माती भुसभुशीत व्हावी लागते, त्याला वाफसा म्हणतात. "आता ऊन पडलंय तर आटवड्यानं पाभर धरत्याल. पाऊस बी लई झालाय न्हवं. मग दुबार कोळपं, रानाची राखण, म्हाताऱ्याचं औशीद. संक्रांतीपातुर तरी सुटत न्हाई ती."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हनली, माझी वाट बघत दुकान बंद ठिवू नका. पाडव्याला लई गिऱ्हाईक असतंय, म्हनली."

मी म्हटलं, "आणखी?"

तो आठवायला लागला. मग एकदम उजळून म्हणाला, "व्हय की, खरं तेच ऱ्हायलं. तुमाला सांगाय सांगितलंय, पाऊस झाला म्हनून. आमच्याकडं पाऊस झाला म्हनावं, बांध फुटुस्तवर झाला. म्हातारा खाटंवर रडला. ती बी चिखलात नाचली वो, पोरीवानी."

सहा दिवाळ्या ती माझ्याशेजारी बसली होती. आभाळात ढग दिसला की माझ्याआधी तीच गच्चीवर धावायची, माल गोळा करायला. त्याच बाईनं आज मला पाऊस झाल्याची बातमी पाठवली होती, आनंदाची म्हणून. तिला राग नव्हता, विसरली होती असंही नव्हतं. ती तिच्या बापाच्या रानात उभी होती, एवढंच. मला तिचा राग आला नाही. फक्त वाटलं, की आता आमचं आभाळ एक राहिलं नाही.

"तिला सांगा," मी म्हटलं, "ऐकून मला फार बरं वाटलं. आणि सांगा, की काळजी करू नको. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एवढी गर्दी आहे."

धनगरानं गठ्ठा खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. धुवट धोतर, नवा रुमाल. त्यात काही वाकडं नव्हतं, सरळ मनानं त्यानं विचारलं, "एवढी गर्दी हाय, तर तुमी हितं कसं?"

चारी बाजूंनी फटाके वाजत होते. ते दुसऱ्यांच्या दुकानातले होते.

"गर्दीचं नका सांगू," मी म्हटलं. "मी अड्ड्यावर उभा होतो, तेवढं सांगा."

"बरं," तो म्हणाला. "तेवढंच सांगतो."